आधी गुरुकुंज, मग मोझरी

अमरावतीच्या जुन्या वस्तीत पत्ता विचारला तर कुणी घरनंबर सांगत नाही. सांगतात तो दरवाजा. ‘खोलापुरी गेटाच्या आत’, ‘माता खिडकीपाशी’, ‘अंबागेटातून निघालं की डावीकडे’. शहर परकोटाबाहेर चारी अंगांनी मैलोगणती पसरलं, बायपास झाले, नगरांमागून नगरं वसली. पण आतली माणसं अजून दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर बोट ठेवूनच दिशा दाखवतात. मला जायचं होतं गुरुकुंज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या गावी. गाडी दुपारची धरली तरी चालण्यासारखं होतं, म्हणून सकाळ या परकोटाला दिली. गावांची नावं कशी पडतात हे पाहायला निघालेल्या माणसाने गल्लीपासून सुरुवात करावी हे बरं.

हा परकोट निजामाचा. वऱ्हाड तेव्हा हैदराबादकडे होतं आणि गादीवर सिकंदर जाह. अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांकडे कापसाचा पैसा खेळत होता. पुढे १८४२ साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्याला धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. पैसा आहे म्हटल्यावर पेंढारी आलेच. त्यांच्या भीतीने १८०७ साली भिंतीचं काम सुरू झालं. उंची वीस ते सव्वीस फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस जाईल, फार तर जनावर जाईल, पण हत्ती-घोड्यांची फौज घुसणार नाही असा लहान दरवाजा. आज भिंतीला पाठ टेकून घरं उभी आहेत. काळ्या दगडांच्या सांध्यांतून पिंपळ फुटलेत, त्याच दगडांवर कुणाचा वीजमीटर, कुणाच्या कपड्यांची दोरी. शेजारच्या मास्तरांच्या घराची मागची भिंत आणि निजामाची भिंत एकच आहे, हे इथं कुणाला नवलाचं वाटत नाही.

दरवाज्यांची नावं नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. नागपुरी दरवाजा, कारण तिथून नागपूरची वाट. खोलापुरी, कारण खोलापूर त्या अंगाला. अंबा दरवाजा, कारण बाहेर अंबादेवी. आतल्या माणसाने आतून बाहेर पाहून ठेवलेली ही नावं आहेत. दरवाजा बांधणाऱ्याचं नाव एकालाही नाही. सिकंदर जाहने एवढा खर्च केला, पण लोकांनी त्याला एक कमानसुद्धा दिली नाही. दिली ती पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खोलापूरला. वाट विचारणाऱ्याला राजाशी काय करायचंय!

आणि मग ती खिडकी. पटेल, माता, छत्रपुरी या तिघींच्या पंगतीत चौथी बसते ती खुनारी. १८१८ च्या मोहरमात दोन तट पडले, दंगल झाली आणि या खिडकीपाशी सातशे माणसं मारली गेली. तेव्हापासून ती खुनारी, असं गॅझेटियर सांगतं. सातशे हा आकडा सरकारी कागदावर उतरण्याआधी किती तोंडांतून फिरला असेल कुणास ठाऊक, पण नाव त्यावर अडून बसलेलं नाही. मला यात बोचतं ते सालाचं. भिंत घातली बाहेरच्या पेंढाऱ्यांसाठी. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा बंदोबस्तच केला. म्हणजे ज्या वर्षी बाहेरचं भय सरलं, त्याच वर्षी भिंतीच्या सावलीत आतल्या माणसांनी एकमेकांचे गळे धरले. बाकीच्या नावांनी बाहेरची वाट दाखवली. या एकाच नावाने आत काय घडलं ते सांगितलं.

तिथल्या एका पानटपरीवर मी नावाबद्दल विचारलं. टपरीवाल्याने चुना लावता लावता मान हलवली. “खून झालते म्हंतात. कोनाचे थे काय मालूम, भाऊ. आमच्या आज्यालेई मालूम नव्हतं.” मग थोडं थांबून, “पन नाव बदलू नका म्हना. पोस्टमन चुकते.”

या पोस्टमनच्या मुद्द्यापुढे माझं सगळं गॅझेटियर फिकं पडलं.

आतल्या पेठांची नावं मात्र गोड आहेत, अगदी शब्दशः. सक्करसाथ, दहीसाथ. काय विकलं जायचं ते नावातच मांडून ठेवलेलं. भुसारी दरवाजाही त्यातलाच, धान्याच्या व्यापाऱ्यांचा. स्वातंत्र्याच्या काळात त्याला जवाहर हे नाव मिळालं. पाटीवर लावलेली नावं लोकांच्या तोंडी रुळत नाहीत असं आपण मोठ्या ऐटीत म्हणतो, पण जवाहर गेट रुळलं. रिक्षावाल्याला आज ‘भुसारी’ म्हणून पाहा, तो तुमच्याकडेच पाहत राहील. उलट जिल्हा रुग्णालय अजून ‘इर्विन’ आणि बायकांचा दवाखाना अजून ‘डफरीन’. इर्विन हा १९२६ ते १९३१ या काळातला व्हाइसरॉय होता हे त्या दवाखान्यात जन्मलेल्यांना माहीत असायचं कारण नाही. चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक ही तर टॉकीजची देणगी. एका पिढीने पिक्चर बघितले, पुढच्या पिढीला पत्ता मिळाला. खापर्डे बगीच्यात बगीचा शोधणाऱ्याने सोबत चहा न्यावा, वेळ लागेल. नियम बांधू गेलं तर प्रत्येक नियमाला शेजारच्याच चौकात अपवाद भेटतो.

स्टँडवर जाण्याआधी गिला वडा खाल्ला. अमरावतीत येऊन तो न खाता जाणाऱ्याविषयी मला बोलायचं नाही.

नागपूरच्या रस्त्याला लागलं की गावांच्या पाट्या सुरू होतात, आणि वऱ्हाडातली एक सवय डोळ्यांत भरते. इथं गावाला एक नाव पुरत नाही. पहिलंच मोठं गाव नांदगाव पेठ. कारण जिल्ह्यातच दुसरं नांदगाव खंडेश्वर आहे. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी. शेंदूरजना बाजार तिवसा तालुक्यात, शेंदूरजना घाट वरुडात. एकसारखी नावं पडली की माणसं मागे शेपूट जोडतात: इथं बाजार भरतो, इथं रेल्वे थांबते, इथून घाट चढतो. चांदुराला रेल्वे मिळाली ती नावालाही मिळाली. ही शेपटं कुणी समारंभ करून लावलेली नाहीत. बैलगाडीवाल्याने, टपालवाल्याने, सोयरीक जमवणाऱ्या मामाने आपल्या सोयीने लावली. चुकीच्या चांदुरात वरात गेली तर काय होईल?

खिडकीबाहेर सोयाबीनची कापणी उरकली होती, गंजी मोडून झाल्या होत्या. पराटीत बाया ओळीने वेचणीला लागल्या होत्या. मधूनच संत्र्याचा बगीचा. तूर हिरवीगार, कमरेच्या वर गेलेली. अश्विन सरत आला की हा रस्ता असाच दिसतो, आणि याच दिवसांत तो माणसांनी भरूनही जातो. पण महाराजांची पुण्यतिथी आधीच होऊन गेली होती. मी मुद्दाम नंतर निघालो होतो.

कंडक्टरला मी मोझरीचं तिकीट मागितलं.

“आश्रमात जाता का गावात?”

“फरक पडतो का?”

“तिकिटाले नाही पडत, काकाजी. उतरल्यावर चालाले पडते.”

पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता. उतरलो ते गुरुकुंजात.

मोझरी हे गाव जुनं, शेतकऱ्यांचं. चारचौघांसारखं गाव; भोवतालच्या तिवसा तालुक्यात अशी कितीतरी. गुरुकुंज त्याच्या शेजारी आलं १९३५ साली. आणणारे तुकडोजी महाराज तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला होता, माणसं लोटली होती, नाव दूरवर गेलं होतं. अशा वेळी एखाद्याने तीर्थाच्या ठिकाणी, नदीच्या काठी, डोंगराच्या कुशीत बस्तान मांडलं असतं. कौंडण्यपूर जवळ होतं, रुक्मिणीचं माहेर, वर्धेचा काठ. तिथं आश्रम शोभला असता. यांनी धरला नागपूर-अमरावती हमरस्ता. मला हा निर्णय नावाइतकाच बोलका वाटतो. ज्याला गावोगाव फिरायचं आहे आणि गावोगावच्या माणसाला आपल्याकडे यायला सांगायचं आहे, तो मोटारीच्या रस्त्यावरच घर बांधणार.

आता नावाकडे येऊ. या माणसाच्या स्वतःच्या नावाची गोष्टही गल्लीच्या नावासारखीच आहे. जन्म ३० एप्रिल १९०९, गाव यावली, नाव माणिक, आडनाव इंगळे. घरची गरिबी, शाळा जेमतेम. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. त्यांनी या पोराला ‘तुकड्या’ म्हटलं. पोरगा भजन म्हणायचा आणि लोक देतील ते भाकरीचे तुकडे खायचा, अशी त्या नावामागची आठवण सांगतात. म्हणजे नाव काय, तर टोपणनाव. दुसरा एखादा मोठा झाल्यावर असलं नाव पुसून टाकतो. माणिकसारखं लखलखीत नाव हाताशी असताना याने आयुष्यभर तुकड्याच मिरवलं, भजनाच्या शेवटच्या चरणात स्वतःला तुकड्यादास म्हणवलं. पुढे राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी ‘राष्ट्रसंत’ म्हटलं, जग जपानपर्यंत पाहून झालं, तरी सहीला तुकड्याच.

आणि म्हणूनच आश्रमाचं नाव काय ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. स्वतःचं नाही. यावलीचं नाही. नुसतं गुरूचं, तेही आडकोजींचं नाव न घेता. गुरुकुंज. त्यात कुणीही बसू शकतो.

आश्रमाच्या प्रार्थना मंदिरात याचा डोळ्यांनी पडताळा येतो. आत मूर्ती नाही. एक अधिष्ठान आहे, मांडलेली बैठक, आणि तिच्याकडे तोंड करून माणसं ओळीने बसतात. सकाळी ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. गावागावांतल्या गुरुदेव सेवा मंडळांत हेच चालतं: सतरंजी, खंजिरी, भगवी टोपी. भेटलेला माणूस रामराम म्हणत नाही, ‘जयगुरू’ म्हणतो. मी गेलो तेव्हा दोन सेवक सतरंज्या उन्हात टाकून काठीने झोडपत होते. धूळ उडत होती, आणि दोघांत कुठल्या गावची सतरंजी कुठली यावरून बोलणं चाललं होतं. एकाने टोक उलटून दाखवलं. तिथं निळ्या शाईने गावाचं नाव लिहिलेलं, धुऊन धुऊन अर्धं गेलेलं. “शेंदूरजना हाय हे.” “कोनतं? बाजार का घाट?” पुढचं अक्षर धुण्यात गेलं होतं. वऱ्हाडातल्या शेपटांचं मोल मला तिथं कळलं.

मग या जोडनावाचा विचार मनात आला. नांदगाव पेठ, चांदूर रेल्वे, अंजनगाव बारी: सगळीकडे गाव आधी, ओळख मागून. गुरुकुंज मोझरी तेवढं उलटं आहे. नवं नाव पुढे, जुनं मागे. बोलीच्या रिवाजाने ते ‘मोझरी गुरुकुंज’ व्हायला हवं होतं. नवं आलं आणि जुन्याच्या पुढे जाऊन उभं राहिलं, पण जुन्याला त्याने घराबाहेर काढलं नाही. टपालाच्या पत्त्यात लोक गुरुकुंज आश्रम लिहितात, वर्तमानपत्रात गुरुकुंज मोझरी छापून येतं, आणि एसटीत नुसतं मोझरी. तीन नावं, तीन ठिकाणी, आणि तिघांचं नीट चाललंय. भुसारीसारखं कुणी विसरलं नाही, खुनारीसारखा कुणाला प्रश्न पडत नाही. मला वाटतं, यात नाव ठेवणाऱ्याची समजूत होती. ज्याने पुढे ‘ग्रामगीता’ लिहिली, गाव हाच देव मानून एक्केचाळीस अध्याय खर्चले, तो माणूस एका गावाचं नाव कसं पुसेल? तसं केलं असतं तर स्वतःच्याच पोथीशी बेइमानी झाली असती.

त्यांच्या जन्मगावाचं नाव मात्र बदललं, किंवा म्हणा वाढलं. यावली आता यावली शहीद. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर, आष्टी पेटलं तसं यावलीत आणि वरुडकडच्या बेनोड्यातही गोळीबार झाला, माणसं गेली. बेनोडाही आज बेनोडा शहीद आहे. तुकडोजींना त्याच धामधुमीत अटक झाली, नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बाजार, घाट, रेल्वे या शेपटांच्या रांगेत ‘शहीद’ हे शेपूट उभं राहिलं. खुनारी खिडकी आणि यावली शहीद या दोन्ही नावांत माणसं मेलेली आहेत. पण एकात कोण मेलं ते गेलं, दुसऱ्यात कशासाठी मेलं ते राहिलं. सव्वाशे वर्षांत नाव ठेवायची तऱ्हा बदलली, एवढं खरं.

आणि ज्याने स्वतःचं नाव कशाला दिलं नाही त्याचं काय झालं? २००५ साली नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. अमरावती विद्यापीठ झालं संत गाडगे बाबांचं. म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या दोन संतांपैकी, ज्यांची शाळा थोडकीच होती, एक नागपूरची पदवी देतात आणि दुसरे अमरावतीची. दोघांनाही हसू आलं असतं. लांबलचक नावामुळे पोरं मात्र ‘आरटीएमएनयू’ म्हणतात.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज इथंच गेले, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. आश्रमासमोरच महासमाधी आहे. पुण्यतिथी तिथीने होते, अश्विन वद्य पंचमीला, आणि त्या दिवशी बरोबर त्या मिनिटाला लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. मौन श्रद्धांजली. मी तो दिवस टाळून आलो होतो, कारण मला गर्दी नको होती, गर्दीनंतरचं गाव पाहायचं होतं.

ते पाहायला मिळालं. मंडप उतरत होते. बांबूंच्या मोळ्या, सुतळीचे गुंडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्र्या. मोकळ्या झालेल्या जागेत खांब काढलेले खड्डे सरळ ओळींत दिसत होते, त्यावरून दुकानांच्या गल्ल्या कशा गेल्या होत्या त्याचा नकाशा मनात जुळवता येत होता. मी समाधीकडून चहाच्या दुकानाची वाट विचारली तेव्हा ताडपत्री घडी करणाऱ्या पोराने मोकळ्या मैदानाकडे हात केला: “त्या खेळन्याच्या लाइनीतून सिधे जा. मंग पुस्तकाची लाइन लागते. तिथून उजव्या हाताले.”

समोर ना खेळणी होती ना पुस्तकं. काळी माती आणि फाटके फुगे. पण मी त्याच्या सांगण्याप्रमाणे गेलो आणि चहाच्या दुकानाशी नेमका पोचलो.

दुकानात बाकावर दोन म्हातारे बसले होते, दोघांच्या डोक्यावर भगव्या टोप्या, एकाच्या मांडीवर खंजिरी. मी त्यांना या लाइनींबद्दल विचारलं. सक्करसाथ अशीच पडली असेल का, हा प्रश्न मनात होता, पण तो विचारायचा कसा?

“लाइनी दरसाल तिथंच पडतात का, बाबाजी?”

“तिथंच,” खंजिरीवाले म्हणाले. “मी लहान होतो तवापासून खेळन्याची लाइन तिथंच.”

“काहीबी सांगता,” दुसरे म्हणाले. “मांगच्या साली खेळनी तिकळे होती. बोअरिंगपाशी.”

“थे बांगळ्यावाले होते.”

“बांगळ्यावाले दवाखान्याच्या अंगानं.”

“अहो, मायी नात हरपली होती थ्या लाइनीत! मी नाही वयखीन?”

“हरपली कवा? तुमच्या खांद्यावरच होती ना थे.”

चहावाल्याने दोघांसमोर कप ठेवले आणि मला डोळ्याने खुणावलं की हे असंच चालतं, तुमचा चहा घ्या. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. खंजिरीवाले कप हातात घेऊनच उठले, दाराशी गेले आणि मैदानातल्या खड्ड्यांच्या तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, “या इकळे, दाखवतो.” दुसरे जागचे हलले नाहीत. उठलो मीच.